जुन्या वस्तूंचे वय कसे ठरते?

मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी पाया खणताना गावोगावी जुन्या विटा, खापरे, कोळसा, क्वचित एखादे नाणेही हाती लागते. मंदिर पांडवकालीन असल्याचे वाडवडील सांगत आलेले असतात. त्यामागील श्रद्धा मोलाची आहेच. परंतु काळाचा निर्णय करण्यास इतिहासाला पुरावा लागतो.

अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ विलार्ड लिबी यांनी १९४९ च्या सुमारास कार्बन-१४ पद्धत सिद्ध केली. त्याबद्दल त्यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले. वनस्पती हवेतून जो कार्बन घेतात, त्यात कार्बन-१४ चा अत्यल्प अंश असतो. जीव असेपर्यंत त्याची भर पडत राहते. मृत्यूनंतर भर थांबते आणि सुमारे ५७३० वर्षांनी तो अंश निम्मा उरतो. उरलेला अंश मोजला की काळ कळतो. सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे मात्र ही पद्धत चालत नाही.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. तेथील आद्य शेतकऱ्यांनी ना लेख मागे ठेवला, ना नाणे. तरीही कार्बन-१४ मुळे त्यांची वस्ती इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील असल्याचे ठरले.

दगडाचे वय मात्र या पद्धतीने निघत नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा; म्हणून त्यातून घडविलेले मंदिर तेवढे जुने ठरत नाही. मंदिराचा काळ शिलालेख, नाणी व बांधणीची शैली यांवरून ठरवितात. भाजलेली वीट व खापर शेवटचे केव्हा तापले, हे थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने काढता येते. लाकडी तुळईवरून झाडाचा काळ कळतो. पण ती एखाद्या जुन्या वाड्यातून आणलेली असेल, तर मंदिराच्या काळाविषयी फसगत होते.

म्हणूनच वस्तू कोठे, किती खोलीवर व कशासोबत सापडली, ही नोंद फार महत्त्वाची. ढिगाऱ्यात टाकलेल्या खापराची अर्धी साक्ष तेथेच पुसली जाते. सापडलेली वस्तू घासूनपुसून लख्ख करू नये, शिलालेखावर रंगाचा हात फिरवू नये आणि पुरातत्त्व विभागास वेळीच कळवावे. नवा कळस चढताना पूर्वजांची साक्षही शाबूत राहिली, तर जीर्णोद्धार खऱ्या अर्थाने पूर्ण होईल.