चवीआधीचा प्रश्न

मराठीत घराबाहेर बसून खाण्याच्या जागेला अनेक नावे आहेत, पण त्यांतले एकही सर्व प्रकारांना पुरत नाही. 'खानावळ' म्हटले की महिन्याचे पैसे भरून दोन वेळ जेवणारा एकटा पुरुष डोळ्यांपुढे येतो. 'भोजनालय' या शब्दाला यात्रेच्या गावाचा वास आहे. 'उपाहारगृह' हा शब्द बोलण्यात फारसा उतरलाच नाही, तो पाटीवर राहिला. आणि पाटीवरही पुष्कळदा 'उपहारगृह' असा लिहिला गेल्याने फराळाच्या जागी भेटवस्तू आली. उरला तो 'हॉटेल'. इंग्रजीत हा शब्द प्रामुख्याने मुक्कामाची जागा दाखवतो. मराठीत शिरताना त्याने मुक्काम मागे ठेवला आणि एस.टी. स्टँडसमोरच्या चहाच्या गाळ्यापासून वातानुकूलित दालनापर्यंत सगळीकडे तो लागू झाला. परका शब्द इतका सहज रुजतो, तेव्हा त्या वस्तूची भाषेतली जागा आधी रिकामी होती असे मानायला हरकत नाही.

ही जागा रिकामी का होती? घराबाहेर जेवणे आपल्याकडे नव्हते असे नाही. लग्नामुंजीच्या पंगती होत्या, अन्नछत्रे होती, धर्मशाळा होत्या. पुण्याला शिकायला आलेले गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवत, माधुकरी मागत. परंतु या प्रत्येक ठिकाणी जेवणारा कोण, वाढणारा कोण आणि शेजारच्या पाटावर कोण, हे आधीच ठरलेले असे. पैसे मोजून, अनोळखी माणसाच्या हातचे, अनोळखी माणसाच्या शेजारी बसून खाणे ही गोष्ट नवी होती. आज कोल्हापूर, पुणे आणि नाशिक यांपैकी कोणाच्या मिसळीचा कट अस्सल, यावर आपण हिरिरीने वाद घालतो. अमुक ठिकाणची थालीपीठे पूर्वीसारखी राहिली नाहीत, अशी हळहळ व्यक्त करतो. 'पदार्थ कसा आहे' हा प्रश्न आपल्याला पहिला आणि स्वाभाविक वाटतो. इतिहासक्रमाने मात्र तो दुसरा आहे. 'कोणी केला आणि कोणाच्या कपातून' हा त्याच्या आधीचा प्रश्न. बाहेरच्या खाण्याविषयी मोकळे मत देण्याची मुभा हा पहिला प्रश्न जिथे आणि ज्यांच्यापुरता मागे हटला, तिथे आणि त्यांनाच मिळाली. मराठी वाङ्मयात या माघारीच्या खुणा स्पष्ट दिसतात.

पहिली खूण बंद दारामागची आहे. १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत जातिभेद मोडण्याची प्रतिज्ञा घेणारे सभासद एकत्र जमत आणि वर्ज्य हातचे अन्न खात. पाव खाणे हा त्यांच्या दीक्षेचा भाग होता. बाबा पदमनजी या सभेत होते, आणि 'अरुणोदय' या आत्मचरित्रात त्यांनी तिच्याविषयी लिहिले आहे. त्या पावाची चव कशी होती, हे विचारण्याचे कोणाला कारण नव्हते. तो तोंडात घालणे हीच कृती होती, आणि ती गुप्त ठेवणे ही तिची अट. १८६० मध्ये सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा विस्कटली.

दुसरी खूण चहाची. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला जमली. न्यायमूर्ती रानडे त्यांत होते, टिळकही होते. नंतर चहा आणि बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला. काहींनी, त्यांच्या म्हणण्यानुसार, पेला नुसता हातात घेऊन खाली ठेवला. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून प्रसिद्ध केली आणि गावात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली. काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे टिळकांनी दाखवले. रानड्यांनी १८९२ मध्ये ते घेतले. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात या प्रसंगाची घरातली बाजू वाचायला मिळते. पन्नास वर्षांच्या सुधारणेच्या वादांनंतरही पुण्यात एका पेल्यावरून विद्वानांची चौकशी होऊ शकत होती. आज त्याच शहरात चहा 'अमृततुल्य' म्हणून विकला जातो. हे नाव चहाच्या चवीविषयी बोलते. त्यामागे पेल्याचा किती मोठा वाद मिटावा लागला, ते त्यात दिसत नाही.

हा वाद माणसाच्या मनात कसा मिटतो, याचे मराठीतले सर्वांत प्रामाणिक चित्रण लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे राहायला गेल्या तरी काही काळ त्यांचे सोवळे, स्वयंपाक आणि पाणी वेगळे होते. विचार पटला आणि विटाळ गेला, असे तिथे झाले नाही. एकेक वस्तू, एकेक स्पर्श, एकेक घोट असा तो मार्ग आहे. सुधारणेच्या इतिहासात आपण ठराव आणि व्याख्याने मोजतो. लक्ष्मीबाईंच्या लेखनात तो इतिहास घशाखाली उतरताना दिसतो.

याच काळात शहरात या जुन्या प्रश्नाला दोन व्यावहारिक उत्तरे तयार होत होती. पहिले इराण्याचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी यझ्द, केरमान या भागांतून आलेल्या झरथुष्ट्री इराण्यांनी मुंबईतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर दुकाने घेतली. धोबीतलावजवळची 'कयानी' १९०४ ची, बॅलार्ड इस्टेटमधली 'ब्रिटानिया' १९२३ ची, पुण्यातले 'गुडलक' १९३५ चे. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रून मस्का, खिमा-पाव आणि चहा. गिऱ्हाईक कोण, हे इराणी सहसा विचारत नसे. दुसरे उत्तर ब्राह्मणी उपाहारगृहांचे. दादरचे मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० चे. गिरगाव-दादर भागात अशी अनेक ठिकाणे निघाली. 'ब्राह्मणांचे', 'स्वच्छ' अशी विशेषणे त्या काळच्या पाट्यांवर सर्रास असत. इराण्याने प्रश्न टाळला, तर या पाट्यांनी त्याचे उत्तर दारावरच देऊन टाकले. घरचे सोवळे मोडायला न धजावणारा मध्यमवर्गीय मुंबईकर या दुसऱ्या दारातून बाहेरच्या खाण्याला सरावला. माटुंग्याची दाक्षिणात्य बोर्डिंगे आणि कॅफे पुढे आली तेव्हा त्यांना ही वाट मळलेली मिळाली.

इराणी हॉटेलाविषयी मराठीत आणि इंग्रजीत पुष्कळ स्मरणरंजन झाले आहे. जातपात न मानणारे लोकशाहीचे टेबल म्हणून त्याचा गौरव होतो. त्यात तथ्य आहेच. पण या गौरवासोबत बाबासाहेब आंबेडकरांची एक आठवण वाचायला हवी. १९१७ मध्ये परदेशातून शिकून ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना कोठेच जागा मिळेना. अखेर एका पारशी मुसाफिरखान्यात पारशी नाव लावून ते राहिले. राहण्याजेवणाचे दिवसाला दीड रुपया. काही दिवसांनी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणात त्यांनी हे लिहून ठेवले आहे. बडोद्याचा हा मुसाफिरखाना आणि मुंबईचे इराणी हॉटेल या अर्थातच एक गोष्टी नव्हेत. पण 'हिंदू नसलेला मालक म्हणजे जात नसलेली जागा' हे समीकरण या आठवणीपुढे टिकत नाही. ज्याला कोणी विचारले नाही त्याला ती जागा मोकळी वाटली. ज्याला विचारले गेले त्याचा अनुभव वेगळा.

म्हणूनच कोल्हापुरातील एक साधे चहाचे हॉटेल या इतिहासात फार महत्त्वाचे ठरते. शाहू महाराजांच्या पागेत काम करणारे गंगाराम कांबळे यांना पाणी शिवल्याच्या कारणावरून मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि कांबळे यांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. १९२० च्या आसपास कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः लवाजम्यानिशी तेथे जाऊन चहा घेऊ लागले आणि सोबतच्यांनाही घ्यायला लावू लागले. रानड्यांच्या पेल्याशी ही घटना ताडून पाहावी. तिथे चहा पाजणारे मिशनरी होते आणि पिणारे आरोपी. इथे चहा करणारा अस्पृश्य आहे, मालक आहे, आणि पिणाऱ्याने पैसे मोजायचे आहेत. कोणाला आत येऊ द्यायचे, यापलीकडे जाऊन गल्ल्यावर कोण बसणार, हा प्रश्न या हॉटेलाने विचारला.

पुढे १९३३ मध्ये रत्नागिरीत सावरकरांच्या पुढाकाराने 'अखिल हिंदू उपहारगृह' सुरू झाले. सहभोजनाचा प्रसंग एका दिवसाचा असतो. उपाहारगृहाने तो रोजचा व्यवहार केला. त्याच वेळी जुनी सीमा मोडणाऱ्या या पाटीवर 'अखिल' आणि 'हिंदू' हे दोन शब्द शेजारी होते, म्हणजे वर्तुळ मोठे झाले तरी त्याचा परीघ लिहिलेलाच होता.

भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, विहिरी आणि तलाव यांच्याबरोबर सार्वजनिक उपाहारगृहांचा नावानिशी उल्लेख आहे. १९५५ चा अस्पृश्यताविरोधी कायदा, ज्याला १९७६ पासून 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम' म्हणतात, त्याहून तपशिलात गेला. उपाहारगृहात ठेवलेली भांडी वापरण्यास कोणाला अस्पृश्यतेच्या कारणाने अडवणे हा त्याने गुन्हा ठरवला. कायद्याच्या कोरड्या गद्यात 'भांडी' हा शब्द यावा लागला, कारण खेड्यातल्या हॉटेलांत दाराशी निराळा ठेवलेला कप सगळ्यांना ठाऊक होता. वर्गात या कलमाचे वाचन दलित आत्मकथनांसोबत करून पाहावे. दोन्ही ठिकाणी वस्तू तीच आहे.

या साऱ्यात खानावळ मागे राहायला नको. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेल्या एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांनी हे शहर चालवले. त्या खानावळीही बव्हंशी गावकीच्या आणि जातीच्या ओळखीवर चालत. घरच्या चवीचा शोध आणि घरच्या जातीचा शोध तिथे एकत्रच होता. संपाच्या काळात उधारीवर जेवण चालू ठेवणाऱ्या या स्त्रियांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन केले. गिरण्या गेल्या, आणि अशा बहुतेक खानावळीही गेल्या. इराण्याच्या टेबलावर जितके स्मरणलेख निघाले, त्याचा अल्पांशही या चुलींच्या वाट्याला आला नाही. कारण उघड आहे. लिहिणारा इराण्याकडे बसत असे. खानावळीत जेवणाऱ्याला लिहायला वेळ नव्हता.

पु. ल. देशपांडे यांचा 'माझे खाद्यजीवन' हा लेख 'हसवणूक' (१९६८) या संग्रहात आहे. तोवर मराठी मध्यमवर्गीय लेखकापुरता पहिला प्रश्न मिटला होता. खाणे हा निखळ आवडीचा, विनोदाचा, व्यक्तिमत्त्व उलगडण्याचा विषय झाला होता. आज हॉटेलांविषयी आपण जे लिहितो-बोलतो त्याचा सूर बराचसा या परंपरेचा आहे. तो सूर लोभस आहे आणि त्याने मराठी गद्याला एक प्रसन्नता दिली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच शहरात अरुण कोलटकर 'वेसाइड इन'मध्ये बसून खिडकीबाहेर पाहत होते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'काळा घोडा पोएम्स' या इंग्रजी संग्रहात हॉटेलातल्या टेबलापेक्षा समोरच्या फूटपाथवरची न्याहारी मोठी होते. हॉटेलात बसूनही हॉटेलाबाहेरचे खाणारे दिसू शकतात, हे त्या कवितेने दाखवले.

पहिला प्रश्न मग पुरता मिटला का? पाटीवरचे 'ब्राह्मणांचे' गेले. 'शुद्ध शाकाहारी' आले. शाकाहार ही कोणाचीही निवड असू शकते. परंतु 'शुद्ध' हे विशेषण आहाराच्या शास्त्रातून आलेले नाही, हे भाषेच्या अभ्यासकाला सांगायला नको. आणि ज्याला आपण 'अस्सल महाराष्ट्रीय थाळी' म्हणतो, तिच्यातला महाराष्ट्र कोणाचा? शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' (२०१५) हे पुस्तक मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद करते. त्यातले कितीतरी पदार्थ 'सूपशास्त्रा'पासून (१८७५) 'रुचिरा'पर्यंत (१९७०) आपल्या गाजलेल्या पाककृतिग्रंथांत शोधून सापडत नाहीत, आणि हॉटेलांच्या पाट्यांवर तर नाहीतच. पूर्वी माणूस दाराबाहेर उभा असे. आता तो टेबलावर बसतो, त्याच्या घरचे ताट मात्र अजून आत आलेले नाही.

तेव्हा एखाद्या हॉटेलविषयी मत देताना चवीबद्दल जरूर बोलावे. तो आनंद फार उशिरा आणि फार कष्टाने मिळालेला आहे. त्यासोबत मेन्यू हाही एक संहिता म्हणून वाचावा, आणि संहिता वाचताना आपण जे करतो तेच तिथे करावे: काय लिहिले आहे हे पाहून झाल्यावर काय लिहिलेले नाही, तेही विचारावे.