हॉवर्ड हॉजकिन : खिडकीतून दिसलेला भारत

आज आपण अशा एका ब्रिटिश चित्रकाराविषयी बोलणार आहोत, जे पन्नासहून अधिक वर्षं भारतात येत राहिले, पण ज्यांच्या चित्रांत ना साधू दिसतात, ना हत्ती, ना राजवाडे. मग त्यांनी भारताचं काढलं तरी काय?

हॉवर्ड हॉजकिन यांचा जन्म 1932 साली लंडनमध्ये झाला. ईटनच्या शाळेत विल्फ्रिड ब्लंट या कलाशिक्षकांनी त्यांना भारतीय लघुचित्रं दाखवली आणि त्या वयातच संग्रहाचा नाद लागला. म्हणजे भारताची ओळख आधी चित्रांतून झाली. प्रत्यक्ष भारत त्यांनी पाहिला 1964 मध्ये.

1971 ची त्यांची ‘इंडियन व्ह्यूज’ ही बारा मुद्राचित्रांची मालिका घ्या. रेल्वेच्या डब्यातून प्रवास करताना खिडकीच्या चौकटीत क्षणभर जे दिसतं, तेवढंच त्यात आहे. रंगाचे चार पट्टे, एक क्षितिज, बस्स. गाव कोणतं, स्टेशन कोणतं, काही कळत नाही. पण ज्याने लांबचा रेल्वेप्रवास केलाय, त्याला ते पटतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हॉजकिन स्वतःला अमूर्त चित्रकार मानत नसत. प्रत्येक चित्रामागे एखादी खरी भेट, खरी संध्याकाळ असायची. चित्रात उतरायची ती तिची आठवण. ते कॅनव्हासऐवजी लाकडावर रंगवायचे आणि रंग चौकटीवरही चढवायचे. आठवण नेमकी पकडायला वेळ लागतो. टेट संग्रहालयातलं त्यांचं ‘रेन’ हे चित्र 1984 ते 1989 अशी पाच वर्षं चाललं होतं. याच काळात, 1985 मध्ये, त्यांना टर्नर पारितोषिक मिळालं.

1992 मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी दिल्लीत ब्रिटिश कौन्सिलची इमारत उभारली. तिच्या दर्शनी भिंतीवर हॉजकिन यांनी झाडाची विशाल सावली पसरवली : मकराण्याचा पांढरा संगमरवर आणि काळा कडप्पा. हो, आपल्या ओट्याला लावतात तोच कडप्पा.

मार्च 2017 मध्ये ते गेले. आयुष्यातली शेवटची काही चित्रं त्यांनी भारतातच पूर्ण केली होती. त्यांच्या संग्रहातली शंभराहून अधिक मुघल, दख्खनी, राजपूत आणि पहाडी चित्रं 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडे गेली. आपल्या मातीतली चित्रं आपल्याला तिकडे जाऊन पाहावी लागतात, ही रुखरुख खरी आहे आणि ती असायलाच हवी. पण त्याच माणसाची एक भिंत दिल्लीत, भर रस्त्यावर उभी आहे. ती पाहायला तिकीट लागत नाही. कस्तुरबा गांधी मार्गावरून जाल तेव्हा मान वर करून जरूर पाहा.