बंद दाराआडची चूल

उत्तर कोरियाचं नाव टीव्हीवर येतं ते क्षेपणास्त्राबरोबरच. आम्हा हुबळी-धारवाडकडच्या बायकांना त्याचं काय, असं कुणालाही वाटेल. पण या गोष्टीत आपल्याकडची माणसंही आहेत. 1953 मध्ये कोरियातलं युद्ध थांबलं, तेव्हा मायदेशी परतायला तयार नसलेल्या सुमारे 22 हजार कैद्यांची जबाबदारी भारतानं घेतली. त्या आयोगाचे अध्यक्ष होते कोडगूचे जनरल थिमय्या, आणि कैद्यांच्या राखणीला गेलेल्या फौजेचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात.

लढाई थांबली, पण शांततेचा तह आजवर झालेला नाही. उत्तरेत किम इल-सुंगनं देशाचं दार लावून घेतलं. तोंडी स्वावलंबन, पण स्वस्त तेल येई ते सोव्हिएत रशियाकडून. 1991 ला रशियाच मोडला. 1995 ला मोठे पूर आले, आणि रेशनवर जगणाऱ्या देशात रेशनच मिळेना. भुकेनं किती माणसं गेली याचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण सगळे लाखांतच.

अणुभट्टी म्हटलं की आम्हाला घाटाखालचं कैगा आठवतं, वीज करणारं. त्यांच्या योंगब्योनच्या भट्टीतल्या इंधनातून मात्र बॉम्बसाठी प्लुटोनियम काढलं गेलं. 1994 मध्ये अमेरिकेशी करार होऊन ते काम थांबलं होतं. तो करार मोडला. 2003 मध्ये उत्तर कोरिया अण्वस्त्रबंदी करारातून बाहेर पडला, 2006 मध्ये पहिला स्फोट केला, आणि 2017 पर्यंत सहा. आजा, बाप, नातू अशी गादी चालू राहिली. इराकचा सद्दाम आणि लिबियाचा गद्दाफी यांचं काय झालं ते पाहून, बॉम्ब असला तरच आपण टिकू, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

मग लोकांना जगवलं कुणी? पुष्कळसं बायकांनी. पुरुषांना पगार नसला तरी कारखान्यात हजेरी लावावी लागे. लग्न झालेल्या बायकांवर तेवढी सक्ती नव्हती. त्यांनी घरातलं सामान विकलं, खाण्याचे जिन्नस करून रस्त्यावर मांडले. त्यातूनच तिथले बाजार उभे राहिले.

बॉम्ब आपल्या देशाकडंही आहे. पण धान्य महागलं तर आपण रस्त्यावर येऊन सरकारला जाब विचारतो. तिथल्या बाईला ती सोय नाही. बॉम्बपेक्षा मला भीती वाटते ती याचीच.