बाहुलीची आतली बाजू

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. १९३९ साली वाशीमला सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात हे नाव येते. साहित्याच्या विद्यार्थ्याची मात्र या नगराशी ओळख होते ती बहुधा राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'तून. दहाव्या शतकाच्या आगेमागे होऊन गेलेल्या या आचार्याने वत्सगुल्माला कामदेवाचे क्रीडास्थान म्हटले आणि काव्यपुरुष व साहित्यविद्यावधू यांचा गांधर्वविवाह तिथे लावून दिला. यातला 'क्रीडा' हा शब्द आपण शृंगाराच्या अर्थाने घेतो आणि पुढे जातो. प्रस्तुत लेखात तो थोडा वेळ शब्दशः घ्यावा असा विचार आहे, आणि त्याला निमित्त आहे एक खेळणे.

हे खेळणे मऊ असते. त्याच्या पोटाला एक तोंड असते. त्या तोंडातून अंगठा घालून कातडी बाहेर ओढली की अख्खे खेळणे उलटते आणि हातात दुसरेच पात्र येते. हसरा प्राणी रागावतो, अंड्याचे पिल्लू होते, राक्षसाचा राजपुत्र होतो. १९८०च्या दशकात अमेरिकेत 'पॉपल्स' नावाची कापडी खेळणी आली. ती आपल्याच पाठीवरच्या पिशवीत उलटून शिरत आणि त्यांचा चेंडू होई. २०२० नंतरच्या टाळेबंदीच्या काळात एका बाजूने प्रसन्न आणि दुसऱ्या बाजूने त्रासलेला असा कापडी ऑक्टोपस जगभर गाजला. अशी खेळणी रबर, व्हिनाइल किंवा सिलिकोनची करायची, म्हणजे शिवून नव्हे तर साच्यातून काढायची झाली, तर प्रश्न अधिक अवघड आणि अधिक मनोरंजक होतो. एकाच कातडीत दोन पात्रे बसवायची तर पदार्थ कोणता लागतो, आणि खेळण्याच्या आतल्या बाजूला चेहरा असू शकतो हे माणसाला केव्हा सुचले, हे दोन प्रश्न या लेखाचा विषय आहेत.

पदार्थांची एक जुनी यादी आपल्यापाशी आहे, आणि तीही वत्सगुल्माचे नाव ठाऊक असलेल्या ग्रंथात. वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'त वत्सगुल्माच्या राजकुळातील चालीरीतींचा उल्लेख येतो, हे अभ्यासकांना माहीत आहेच. त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अधिकरणात, लहान मुलीचे मन जिंकण्याच्या प्रकरणात, तिला द्यावयाच्या बाहुल्या मोजल्या आहेत. सुताच्या, लाकडाच्या, शिंगाच्या आणि हस्तिदंताच्या बाहुल्या एका बाजूला; मेणाच्या, पिठाच्या आणि मातीच्या बाहुल्या दुसऱ्या बाजूला. सूत्रातली ही विभागणी मला अर्थपूर्ण वाटते. लाकूड, शिंग, दंत हे कोरायचे पदार्थ आहेत. मेण, पीठ, माती हे घडवायचे, दाबायचे, साच्यात घालायचे पदार्थ आहेत. त्याच प्रकरणात एकत्र जोडलेल्या स्त्रीपुरुषांच्या लाकडी खेळण्याचाही उल्लेख आहे. म्हणजे दोन पात्रे एका वस्तूत असावीत ही कल्पना जुनी आहे. परंतु ती पात्रे तिथे शेजारी आहेत, एकमेकांच्या आत नाहीत. यादीतला एकच पदार्थ उलटता येण्यासारखा आहे, तो म्हणजे सूत. त्याच्याकडे पुढे यावे लागेल.

साच्याची कला त्याआधीच महाराष्ट्रात बहरली होती. धाराशिव जिल्ह्यातील तेर, गोदाकाठचे पैठण, नेवासे आणि भोकरदन या स्थळी सातवाहनकालीन मृण्मूर्ती मिळाल्या. त्यांतल्या अनेक दुहेरी साच्यातल्या आहेत. पुढचा अर्धा भाग एका साच्यात आणि मागचा दुसऱ्यात दाबून घ्यायचा, मग ओले असतानाच दोन्ही कडा जोडायच्या. मूर्ती पोकळ राहते, हलकी होते, भाजताना तडकण्याचा धोका कमी होतो. तेरच्या लामतुरे संग्रहालयात अशा मूर्ती पाहताना केशरचना, कर्णभूषणे, ओठांवरचे हसू यांकडे लक्ष जाते, आणि ते जावे यासाठीच कारागिराने साचा कोरलेला असतो. पण एखादी मूर्ती फुटलेली असली की तिच्या आतही डोकावता येते. तिथे नाक नाही, डोळे नाहीत. माती आतून दाबणाऱ्या बोटांची जागा तेवढी असते. बाहेरचा चेहरा साच्याचा, म्हणून शंभर मूर्तींत एकसारखा. आतली बाजू त्या एका हाताची, म्हणून प्रत्येक मूर्तीत निराळी. तरीही ती पाहण्यासाठी नाही. पोकळ बाहुलीला आतली बाजू मिळाली, पण भाजलेल्या मातीमुळे ती कायमची बंद झाली.

आतली बाजू उघडली ती कापडाने. पिशवी, अभ्रा, अंगरखा उलटा करून शिवायचा आणि मग सुलटा करायचा, हे शिवणाऱ्या प्रत्येक हाताला ठाऊक असते. त्यातून निघालेले सर्वांत बोलके खेळणे मात्र आपल्याकडचे नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिण भागात, गुलामगिरीच्या छायेत, दुतोंडी कापडी बाहुली घडली. कमरेला जोडलेली दोन धडे, दोन डोकी आणि मधे एकच लांब घागरा. एक चेहरा गोरा, एक काळा. एक वर धरला की घागरा दुसऱ्यावर पडतो आणि तो दिसेनासा होतो. हॅरिएट बीचर स्टो यांच्या १८५२ सालच्या 'अंकल टॉम्स केबिन' या कादंबरीतील टॉप्सी आणि ईव्हा या मुलींची नावे पुढे अशा बाहुल्यांना चिकटली. ही बाहुली गुलाम स्त्रियांनी आपल्या मुलींसाठी केली की मालकाच्या मुलींसाठी, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. १९०१ साली आल्बर्ट ब्रुकनर यांनी कापडी चेहऱ्याला साच्यात दाबून उठाव देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि या दुहेरी बाहुल्याही त्या पद्धतीने बाजारात आल्या. मऊ खेळणे, साचा आणि उलटून पालटणारे पात्र या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र आल्या.

या बाहुलीच्या रचनेत एक कठोर नियम आहे. दोन्ही चेहरे एकाच वेळी दिसू शकत नाहीत. एकीने उभे राहायचे तर दुसरीने घागऱ्याखाली उलटे लटकायचे. शिवणीच्या सोयीतून आलेला हा नियम त्या समाजाच्या नियमाशी तंतोतंत जुळावा, ही गोष्ट विसरता येत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. एकाचे वर असणे हे दुसऱ्याच्या खाली असण्यावर कसे उभे असते, हे त्यांनी त्या ग्रंथात आपल्या समाजासंबंधी मांडले. बाहुलीचा इतिहास वाचताना त्या अर्पणाची आठवण होते ती याच कारणाने.

कापडानंतर रबर आले. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ साली गंधकाच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली आणि १८४४ साली तिचे पेटंट घेतले. ओढले तरी पूर्ववत होणारा पदार्थ त्यामुळे कारखान्यांच्या हाती आला. पुढे व्हिनाइलची खेळणी निघाली. त्यांची कृती सोपी आहे. द्रवरूप व्हिनाइल धातूच्या तापलेल्या साच्यात गेले की भिंतीलगत त्याची जाड साय धरते. उरलेला द्रव ओतून टाकायचा, साय पुरती भाजू द्यायची आणि अरुंद तोंडातून ती दाबून, चुरगळून बाहेर ओढायची. मातीची मूर्ती सोडवायला साच्याचे दोन भाग करावे लागत. इथे साचा अखंड राहतो आणि बाहुलीच लवते. या पद्धतीत नक्षी बाहेरच्या अंगाला उमटते, आतले अंग कोरे राहते. हातमोजे करण्याची रीत नेमकी उलटी. चिनी मातीचा हात रबराच्या चिकात बुडवायचा आणि वर धरलेली साल सोलून काढायची. सोलताना मोजा उलटतो. साच्याला टेकलेले अंग बाहेर येते आणि बाहेरचे आत जाते. उलटणे हा तिथे खेळ नसून कामाचाच एक भाग आहे. उजव्या हाताचा मोजा उलटला की तो डाव्या हाताचा होतो, हेही आपण जाणतो. वस्तू तीच राहते, तिची दिशा पालटते.

दोन्ही अंगांना चेहरा हवा असेल तर बाहेरचा साचा आणि आतला गाभा असे दोन्ही कोरावे लागतात आणि मधल्या अंतरात मऊ पदार्थ भरावा लागतो. इथून रचनाकाराची खरी कसोटी सुरू होते. कातडी पातळ असेल तर बाहेरचे नाक आतून खड्डा होते; एका पात्राचा उंचवटा दुसऱ्याचा व्रण ठरतो. म्हणून एकाचा चेहरा जिथे येतो तिथे दुसऱ्याची पाठ यावी अशी योजना करतात, किंवा कातडीला दोन्हीकडे स्वतंत्र उठाव पेलेल इतकी जाडी देतात. जाडी वाढली की उलटणे जड जाते. शिवाय उलटल्यावर आतले अंग ताणले जाते आणि बाहेरचे आक्रसते, त्यामुळे आत घडवलेले हसू बाहेर येताना रुंदावते. ते आधीच थोडे आखूड कोरावे लागते. तोंडाची कड सर्वाधिक ताण सोसते, तिथे जाड पट्टी नसेल तर फाटते. वरून दिलेला रंग घासून निघतो, म्हणून रंग पदार्थातच मिसळणे बरे. आणि सर्वांत नाजूक प्रश्न स्थिर राहण्याचा. अर्धा रबरी चेंडू उलटा करून जमिनीवर ठेवला की क्षणभर तसाच राहतो आणि मग टण्णकन उडी मारून मूळ रूपावर येतो. त्या खेळण्याची गंमत उडीत आहे. पण पात्र पालटणाऱ्या खेळण्याने अशी उडी मारली तर दुसरे पात्र केवळ पाहुणे ठरते. दोन्ही रूपांत ते सारखेच स्वस्थ बसले पाहिजे. याचा अर्थ असा की चांगल्या रचनेत 'मूळ' बाजू कोणती हे सांगता येता कामा नये.

महाराष्ट्रात हा विचार सर्वांत स्वस्त पदार्थात आणला तो पुण्यात. आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी २००३ ते २०१४ या काळात टाकाऊ वस्तूंची जी असंख्य खेळणी मुलांपुढे ठेवली, त्यांत कागदी फ्लेक्सागॉनला मानाचे स्थान आहे. ही युक्ती आर्थर स्टोन या विद्यार्थ्याला १९३९ साली प्रिन्स्टनला सापडली. घड्या घातलेला कागद मधून उघडत नेला की आतली चित्रे क्रमाने वर येतात आणि वरची आत जातात. अंडे, अळी, कोष, फुलपाखरू असे चार टप्पे त्यावर काढले तर कागद फिरतच राहतो. दोनाऐवजी चार पात्रे झाली आणि वर कोण, खाली कोण हा प्रश्नच मिटला; प्रत्येकाची पाळी येते. दुतोंडी बाहुलीच्या घागऱ्याला जे साधले नाही ते या घडीला साधले आहे.

आता पुन्हा वत्सगुल्माकडे. राजशेखराच्या कथेत काव्यपुरुष रुसून निघून जातो. त्याला बांधून ठेवण्यासाठी गौरी साहित्यविद्यावधूची निर्मिती करते. ती त्याच्यामागून देशोदेशी जाते आणि प्रत्येक प्रदेशात तिचा वेष, तिचा विलास आणि तिची वाणी पालटते. यांनाच राजशेखर प्रवृत्ती, वृत्ती आणि रीती म्हणतो. पूर्वेला तो तिला वश होत नाही, पुढे हळूहळू होतो, आणि वैदर्भी रीतीपाशी त्याचा रुसवा संपतो. रीतिविचार शिकवताना आपण ही कथा रूपक म्हणून सांगतो. पण तिच्यात दर वेळी पालटते कोण, हे क्वचित विचारतो.

त्याच विदर्भात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात. मातीची भुलाबाई, मातीचा भुलोजी आणि जवळ बाळ गणपती. या मांडणीमागे एक कथा सांगितली जाते. सारीपाटात हरलेला शंकर रुसून रानात जातो, पार्वती भिल्लिणीचा वेष घेऊन त्याच्यामागे जाते, तो भुलतो, म्हणून तो भुलोजी. एक कथा दरबारी आचार्याची आणि दुसरी अंगणातली. एकीतून दुसरी निघाली असे म्हणायला आधार नाही. तरी रुसलेला पुरुष, मागून जाणारी स्त्री आणि वेष पालटून झालेला समेट हा सांगाडा दोहोंत तोच आहे. भुलाबाईपुढे मुली जी गाणी म्हणतात त्यांत सासर आणि माहेर एकाआड एक येतात. माहेरची लेक सासरी सून होते, म्हणजे एकच मुलगी आतबाहेर केली जाते आणि एक बाजू वर असताना दुसरीने झाकून राहायचे असते. मातीची बाहुली उलटत नाही. उलटण्याचे काम गाणी म्हणणाऱ्या मुलीच्या वाट्याला आलेले आहे.

खेळण्याच्या इतिहासाने साहित्याच्या अभ्यासकाला काही द्यायचे असेल तर ते इथे आहे. पात्र पालटते असे आपण सहज लिहून जातो. पालटताना ताण कोणत्या कडेवर येतो, झाकलेला चेहरा कोणाचा, आणि पालटलेले रूप स्थिर बसते की हात सुटताच मूळ जागी उडी मारते, हे प्रश्न मऊ बाहुली घडवणाऱ्याला टाळता येत नाहीत. समीक्षेला ते टाळता येतात, म्हणून बहुधा टाळले जातात.

भुलाबाईची गाणी संपली की खिरापत ओळखण्याचा खेळ होतो. झाकलेला डबा हलवून वाजवतात आणि आत काय आहे ते बाकीच्या मुलींनी आवाजावरून सांगायचे. कोणी शेंगदाणे म्हणते, कोणी फुटाणे, कोणी साखर. ओळखेपर्यंत झाकण निघत नाही. एरवी ज्यांची आतली बाजू कोणी विचारत नाही, त्या मुली महिनाभर रोज संध्याकाळी आत काय असेल याचाच खेळ खेळत असतात.