दात खाण्याची सवय (ब्रुक्सिझम): कारणे, परिणाम आणि उपचार

सकाळी उठल्यावर जबडा जड वाटतो, कानशिले ठणकतात आणि घरातले म्हणतात, "रात्रभर दात करकर वाजवत होता!" अनेकांना आपण दात खातो हे असेच दुसऱ्याकडून कळते. वैद्यकीय भाषेत याला ब्रुक्सिझम म्हणतात.

ब्रुक्सिझम म्हणजे काय?

एरवी ओठ मिटलेले असले तरी वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले नसतात. दिवसभरात ते टेकतात ते मुख्यतः खाताना आणि गिळताना. त्याव्यतिरिक्त दात एकमेकांवर घासणे किंवा जबडा आवळून धरणे म्हणजे ब्रुक्सिझम.

त्याचे दोन प्रकार आहेत:

- झोपेतला: दात घासले जातात, आवाज येतो, स्वतःला पत्ता नसतो. अंदाजे ८ ते १० टक्के प्रौढांमध्ये आढळतो. लहान मुलांत प्रमाण याहून जास्त असते.
- जागेपणीचा: आवाज नसतो. हिशेब करताना, गाडी चालवताना किंवा मोबाइल पाहताना नकळत दात आवळले जातात.

कारणे कोणती?

पूर्वी वाकड्या दातांना दोष दिला जाई. आता झोपेतले दात खाणे हे मुख्यतः मेंदूकडून जबड्याच्या स्नायूंना मिळणाऱ्या संदेशांशी जोडले जाते. पुढील गोष्टींमुळे शक्यता वाढते:

- ताण आणि चिंता. नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडाच्या ठोक बाजारात दिवाळी किंवा लग्नसराईच्या दिवसांत उधारी, माल आणि गिऱ्हाईक एकाच वेळी सांभाळणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.
- तंबाखू, दारू, जास्त चहा-कॉफी
- घोरणे आणि झोपेत श्वास अडणे (स्लीप ॲप्निया)
- नैराश्यावरील काही औषधे. ती स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.
- आनुवंशिकता

"पोटात जंत झाले की मूल दात खाते" असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. याला ठोस पुरावा नाही. बहुतेक मुलांची ही सवय वाढत्या वयात आपोआप सुटते.

परिणाम काय होतात?

दातांवरचे इनॅमल शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे, पण एकदा झिजले की पुन्हा तयार होत नाही. झीज वाढली की थंड-गरम झोंबते, दातांचे टवके उडतात, फिलिंग किंवा कॅप तुटते. जबड्याच्या सांध्यात कटकट आवाज येतो, कानाजवळ दुखते. दुखणे दाढेत जाणवत असले तरी मूळ स्नायूत असू शकते. अशा वेळी तपासणीआधीच दाढ काढून टाकली, तर दाढही जाते आणि दुखणेही राहते.

दात खाणे की खर्रा?

विदर्भात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा दिवसभर चघळल्यानेही दात झिजतात आणि जबडा दुखतो. पण तोंड उघडणे हळूहळू कमी होत असेल, तिखट खाल्ल्यावर आग होत असेल, गाल आतून पांढुरके आणि ताठ वाटत असतील, तर ते सबम्युकस फायब्रोसिस असू शकते. पुढे त्यातून तोंडाचा कर्करोग होण्याचा धोका असतो. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर तपासणी लांबवू नका.

शिंप्यांच्या पुढच्या दातांवर दोरा तोडून पडलेली खाच हीसुद्धा वेगळी गोष्ट आहे. तिथे उपाय एकच, कात्री वापरणे.

उपचार काय?

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या मतानुसार, निरोगी माणसात ब्रुक्सिझम हा स्वतंत्र आजार मानला जात नाही. त्यामुळे त्रास किंवा झीज नसेल, तर नुसते लक्ष ठेवणे पुरते.

- नाइट गार्ड: दातांचे माप घेऊन बनवलेले प्लास्टिकचे कवच. सवय थांबतेच असे नाही, पण दात वाचतात. जोरात घोरत असाल, तर ते बनवण्याआधी डॉक्टरांना सांगा.
- सवय मोडणे: दुकानात किंवा मोबाइलवर एक खूण ठेवा. ती दिसली की तपासा: ओठ मिटलेले, दात सुटे, जबडा सैल.
- आराम: कोमट शेक, मऊ जेवण, जबड्याचे व्यायाम. संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळा.
- मूळ कारणावर उपचार: ताणासाठी समुपदेशन, श्वास अडत असल्यास झोपेची तपासणी.
- बोटॉक्स: निवडक रुग्णांतच. परिणाम काही महिनेच टिकतो.

झिजलेल्या दातांना फिलिंग किंवा कॅप लावता येते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

दात झिजले किंवा हलू लागले, जबडा अडकला किंवा रोज सकाळी डोके दुखत असेल, तर दंतवैद्यांना दाखवा. नागपुरात मेडिकलच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे.

मात्र जबडा अचानक दुखू लागला आणि सोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर दाताचे दुखणे समजून थांबू नका. ते हृदयविकाराच्या झटक्याचे लक्षण असू शकते. लगेच १०८ ला फोन करा.