महालेखापालांच्या कचेरीतली विपश्यना

नाशिकच्या पांडवलेण्यांत १० क्रमांकाच्या लेण्यात एक शिलालेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तो कोरवून घेतला. त्यात दानाचा हिशेब दिला आहे. ३००० कार्षापणांची कायमची ठेव. त्यांतले २००० एका विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा १ दराने, उरलेले १००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने. मुदलाला हात लावायचा नाही. व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चिवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. आता गणित करून पाहा. २००० कार्षापणांचे वर्षाचे व्याज होते २४०, आणि २० भिक्षूंचे प्रत्येकी १२ म्हणजे २४०च. हिशेब अगदी चोख!

आपल्या सह्याद्रीतल्या लेण्यांत असे कितीतरी लेख आहेत. कार्ल्याला, कान्हेरीला, जुन्नरला व्यापारी, सुतार, माळी अशा साध्या माणसांनी कोणी खांब दिला, कोणी पाण्याचे टाके दिले. हे लेख वाचताना मला नेहमी एक प्रश्न पडत आला आहे. ही माणसे देत होती हे खरे, पण ती स्वतः ध्यानाला बसत होती का? पाली सुत्तांत चित्त गहपतीसारखा एखादा गृहस्थ भेटतो, जो धम्माची चर्चा भिक्षूंच्या तोडीने करतो. पण बहुतेक काळ वाटणी ठरलेली दिसते. गृहस्थाने दान द्यावे, शील पाळावे. श्वासावर लक्ष ठेवून बसणे हे काम भिक्षूचे. आज मात्र बँकेतला कारकून, शाळेतल्या बाई, निवृत्त तहसीलदार असे सगळे दहा दिवसांची रजा टाकून इगतपुरीला जातात. ही वाटणी मोडली कधी आणि कोणी? उत्तरासाठी ब्रह्मदेशात जावे लागते, आणि तिथे जाण्याची वाट आपल्या रत्नागिरीवरून आहे.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले आणि थिबा राजाला कैद केले. पुढच्याच वर्षी त्याला रत्नागिरीला आणून ठेवले. समुद्राकडे तोंड करून असलेला थिबा राजवाडा १९१० मध्ये तयार झाला आणि १९१६ मध्ये राजा तिथेच वारला. आपण तो वाडा सहलीत पाहतो, फोटो काढतो, आणि बिचाऱ्या राजाबद्दल हळहळतो. ब्रह्मी लोकांना मात्र राजाबरोबर आणखीही काही गेल्यासारखे वाटत होते. तिथला राजा हा बुद्धशासनाचा रक्षक. थिबाचे वडील मिंडोन यांनी सारे त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरवले होते, १८७१ मध्ये पाचवी संगीती भरवली होती. आता राजाच नाही म्हटल्यावर शासन टिकवायचे कोणी?

लेडी सयाडो (१८४६–१९२३) या विद्वान भिक्षूने दिलेले उत्तर साधे आणि धाडसी होते: लोकांनीच. ते गावोगाव फिरले. अभिधम्मासारखा अवघड विषय त्यांनी सोप्या ब्रह्मी भाषेत आणि पद्यात उतरवला, शेतकऱ्यांना आणि बायाबापड्यांना शिकवला. आणि ध्यान हे नुसते अरण्यातल्या भिक्षूचे काम नाही, संसारी माणसालाही ते जमेल, असे सांगायला सुरुवात केली. मराठी वाचकाला हे नवे वाटणार नाही. पंडितांच्या भाषेतले ज्ञान लोकांच्या भाषेत आणण्याचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको.

त्यांचे एक शिष्य म्हणजे सया थेत जी. 'सया' म्हणजे शिक्षक. रंगूनजवळच्या खेड्यातला हा शेतकरी. लहानपणीच वडील गेले, बैलगाडी हाकून घर चालवले. पुढे कॉलऱ्याच्या साथीत पोटची मुले गेली, आणि त्या दुःखातून ते साधनेकडे वळले. हे गृहस्थ भिक्षू झाले नाहीत. तरीही लेडी सयाडोंनी त्यांना शिकवण्याची आज्ञा दिली, इतकेच नव्हे तर भिक्षूंनाही शिकवायला सांगितले. पांढऱ्या वस्त्रातल्या माणसापुढे चीवरधारी भिक्षूंनी शिकायला बसावे, ही त्या समाजात केवढी उलथापालथ असेल!

आता खरा नायक येतो, आणि तो आहे सरकारी नोकर. ऊ बा खिन यांचा जन्म १८९९ चा. ते महालेखापालांच्या कचेरीत कारकून म्हणून लागले, १९२६ मध्ये लेखा सेवेची परीक्षा पास झाले. १ जानेवारी १९३७ रोजी सया थेत जींच्या एका शिष्याने त्यांना आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता पाहत राहणे, दाखवले. त्यांना ते इतके भावले की आठवड्याभरातच त्यांनी थेत जींचे खेडे गाठले. वेळ अगदी नको ती होती. ब्रह्मदेश हिंदुस्थानच्या कारभारातून वेगळा होणार होता आणि कचेरीत फेररचनेची धांदल चालली होती. त्यांच्या परंपरेत सांगतात, की दहा दिवसांनी परत आल्यावर टेबलावर एक लखोटा पडलेला दिसला. नोकरी गेली असेच त्यांना वाटले. उघडला तर बढतीचा हुकूम! ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना त्या क्षणाची धडधड मी वेगळी सांगायला नको.

४ जानेवारी १९४८ ला देश स्वतंत्र झाला आणि ऊ बा खिन महालेखापाल झाले. त्यांनी राजीनामा देऊन मठ गाठला नाही. उलट १९५० मध्ये कचेरीतच विपश्यना मंडळ काढले. १९५२ मध्ये रंगूनला केंद्र सुरू झाले. दिवसा लेजर आणि लेखापरीक्षणाचे शेरे, संध्याकाळी साधकांना मार्गदर्शन, असा त्यांचा दिनक्रम. एकाच वेळी तीन-तीन, काही काळ चार खाती त्यांनी सांभाळली. पुढे पंतप्रधान ऊ नू यांनी त्यांना शेतमाल विक्री मंडळावर नेमले. भाताच्या व्यापाराचे हे मंडळ गैरकारभारासाठी बदनाम होते. शिष्यांच्या आठवणींप्रमाणे ही नेमणूक जाहीर होताच तिथल्या अधिकाऱ्यांनी काम बंद केले. ऊ बा खिन यांनी ना आरडाओरडा केला, ना माघार घेतली. कारकुनांना हाताशी धरून कारभार चालू ठेवला, आणि संपावर गेलेले अधिकारी आपणहून परतले. या गोष्टीत भक्तिभावाचा रंग थोडा असेलच. पण ध्यानाची परीक्षा फायलीवर, सहीवर आणि समोरच्या रागावलेल्या माणसावर व्हायची, हे त्यांनी ठरवून घेतले होते, यात मला शंका नाही.

त्यांच्या पद्धतीचे मर्म थोडक्यात सांगतो. आधी काही दिवस नाकपुड्यांपाशी श्वास पाहायचा. मन जरा थाऱ्यावर आले, की लक्ष डोक्यापासून पायापर्यंत फिरवायचे आणि जी संवेदना असेल ती नुसती जाणायची. मुंग्या, घाम, ठणका, काहीही. प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत वेदनेतून तृष्णा निर्माण होते असे म्हटले आहे. इथे वेदना म्हणजे दुखणे नव्हे, संवेदना. ही परंपरा सांगते, साखळी तोडायची ती याच कडीपाशी. साहेब बोलला की आपल्याला राग येतो तो शब्दांचा, असे आपण समजतो; खरे तर आधी छातीत, कानशिलात काहीतरी तापते आणि आपण त्यावर उसळतो. ते तापणे वेळेवर कळले तर उत्तर देण्याआधी दोन श्वासांची फुरसत मिळते. कचेरीतल्या माणसाला ती पुष्कळ झाली. याच जाणिवेला पालीत 'सति' म्हणतात, म्हणजे आपली स्मृती. १८८१ मध्ये ऱ्हिस डेव्हिड्स यांनी त्याला 'माइंडफुलनेस' हा इंग्रजी शब्द वापरला, आणि तोच आता व्यवस्थापनाच्या शिबिरांतून आपल्याकडे नव्या वेष्टनात परत आला आहे. त्या वेष्टनात शील बहुधा गाळलेले असते, हे मला खटकते. ऊ बा खिन यांच्याकडे पंचशीलाशिवाय प्रवेशच नव्हता.

१९५५ मध्ये त्यांच्याकडे एक मारवाडी उद्योगपती आला. मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोयंका. डोकेदुखीचा आजार असा, की मॉर्फिनची सुई टोचून घ्यावी लागे. १९६२ च्या लष्करी सत्तांतरानंतर उद्योगांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यांचा व्यापार गेला. १९६९ मध्ये ते भारतात आले. ३ जुलै १९६९ रोजी मुंबईतल्या एका धर्मशाळेत त्यांचे पहिले शिबिर सुरू झाले. साधक १४, त्यांत त्यांचे आईवडीलही. ऊ बा खिन १९७१ मध्ये वारले. इगतपुरीचे धम्मगिरी १९७६ मध्ये सुरू झाले. आज जगभर दोनशेहून अधिक केंद्रे आहेत. शिबिराला शुल्क नाही. आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर नव्या साधकाचे जेवणखाण होते. उषवदाताची ठेव आठवते ती इथे. फरक एवढाच, की आता देणाराही बसतो.

पण महाराष्ट्रात बुद्धाचे नाव घेतले की दुसरी वाटही समोर येते. डॉ. आंबेडकर १९५४ मध्ये रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. तेव्हा तिथे सहावी संगीती चालू होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी दीक्षा घेतली, तेव्हा त्यांच्यापुढे डोळे मिटून बसलेला एकटा माणूस नव्हता. माणसाने माणसाशी कसे वागावे हा त्यांच्या धम्माचा गाभा. म्हणून आंबेडकरी चळवळीतले पुष्कळ जण विपश्यनेकडे संशयाने पाहतात. अन्याय सोसायला शिकवणारी ही गुंगी तर नव्हे, असा त्यांचा सवाल असतो. मला तो सवाल रास्त वाटतो. ज्या देशाने ही साधना जपली, त्याच म्यानमारमधून २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना जीव घेऊन पळावे लागले, आणि २०२१ मध्ये लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. घरोघर ध्यान पोहोचले, म्हणून राज्य न्यायाचे झाले नाही.

दुसऱ्या बाजूला तिहार तुरुंग आहे. किरण बेदी तिथे अधिकारी असताना, एप्रिल १९९४ मध्ये सुमारे हजार कैद्यांचे शिबिर झाले. नुसत्या गुंगीसाठी कोणी दहा दिवस मौनात, रात्रीच्या जेवणावाचून, पहाटे चारला उठून बसेल असे वाटत नाही. माझ्या ओळखीचे काही कार्यकर्ते दोन्ही करतात: सकाळी तासभर बसतात आणि दुपारी मोर्चाला जातात. त्यांच्यापैकी एकाला मी विचारले, की यांतले एक सोडायची वेळ आली तर काय सोडाल? ते हसून म्हणाले, "सर, मोर्चा सकाळचा असला तर मी तीनला उठतो."