परमुलखातील बिऱ्हाड

परदेश म्हटला की समुद्र ओलांडावाच लागतो, ही समजूत अलीकडची आहे. उत्तरेकडून महाराष्ट्रात येऊन राहिलेल्या माणसास आपले पूर्वज ‘परदेशी’ म्हणत, आणि ते आडनाव अद्यापि आढळते. ज्या मुलखाची भाषा, अन्न आणि वहिवाट वेगळी, तो परमुलूख. अशा परमुलखात मराठी माणसांनी बिऱ्हाड थाटल्याचे एक मोठे प्रकरण सतराव्या शतकात बंगळूर प्रांती घडले.

बंगळूरहून पूर्वेस निघणारा जुना मद्रास रस्ता कृष्णराजपुरमवरून होसकोट्याकडे आणि पुढे कोलारकडे जातो. के. आर. पुरम या नावाने ओळखले जाणारे हे ठिकाण आज रेल्वेचे स्थानक, तारांनी तोलून धरलेला पूल आणि आसपासच्या संगणक-कंपन्या यांमुळे गजबजलेले असते. नोकरीसाठी आलेली मराठी तरुण मंडळी येथे भाड्याची खोली शोधतात आणि कानडीचे पहिले चार शब्द शिकतात. या वाटेवरील बंगळूर, होसकोटे आणि कोलार ही तिन्ही ठाणी एके काळी शहाजीराजे भोसल्यांच्या जहागिरीत होती, हे त्यांपैकी थोड्यांच्याच ध्यानी येत असेल.

१६३६ मध्ये अहमदनगरची निजामशाही बुडाली आणि शहाजीराजांना विजापूरच्या आदिलशहाची चाकरी पत्करावी लागली. त्यांची रवानगी कर्नाटकात झाली. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाने तिसऱ्या केंपेगौडाकडून बंगळूर घेतले. केंपेगौडा मागडीस गेला आणि बंगळूर शहाजीराजांच्या हाती आले. जिजाबाई व बाल शिवाजी यांचा मुक्काम पुढे पुण्याच्या जहागिरीत राहिला. राजे मात्र कर्नाटकातच राहिले. १६६४ मध्ये होदीगेरे येथे शिकारीत त्यांचा अंत झाला. आयुष्याची अखेरची पंचवीस वर्षे त्यांनी मुख्यतः या परमुलखातच काढली.

राजाच्या मागोमाग त्याचा संसारही येतो. तलवार चालविणारे शिलेदार आले, तसेच मोडी लिहिणारे कारकून आले, शास्त्री आले, कवी आले. जयराम पिंड्ये हा त्यांतलाच एक. त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले आणि आपण बारा भाषांत काव्य करतो, असा त्यांचा अर्थ सांगितला. त्याचा ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ राजवाड्यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यावरून या दरबाराचे जे चित्र उभे राहते, त्यात एकट्या मराठीचा आग्रह दिसत नाही. अनेक भाषांच्या माणसांना तेथे मान होता.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांनी १६६९ मध्ये मल्लापुरच्या मल्लिकार्जुनाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिले. आजच्या मल्लेश्वरम भागातील काडू मल्लेश्वराचे देवालय ते हेच. या दानाचा शिलालेख कानडीत आहे. दान देणारा मराठा, देव गावाचा आणि अक्षरे गावच्या भाषेची! परक्या भूमीत पाय रोवावयाचा तर तेथील देवास आणि भाषेस मान दिला पाहिजे, हे या घराण्याने ओळखले होते, असा अर्थ या लेखावरून काढला तर तो वावगा ठरू नये.

१६७५ च्या सुमारास एकोजींनी तंजावर हस्तगत केले आणि भोसल्यांचे लक्ष तिकडे वळले. १६८७ मध्ये औरंगजेबाचा सरदार कासीमखान याने बंगळूर घेतले. पुढे ते म्हैसूरच्या चिक्कदेवराय वोडेयरांकडे आले. म्हणजे बंगळुरावरील भोसल्यांचा अंमल जेमतेम पन्नास वर्षांचा.

अंमल उठला म्हणून सगळ्याच माणसांनी बिऱ्हाड हलविले नाही. ज्यांचे पोट केवळ राजाच्या मर्जीवर अवलंबून होते, त्यांना नवा धनी पाहावा लागला असेल. परंतु ज्यांच्या हाती विद्या वा कसब होते, त्यांची गरज नव्या राज्यासही होती. म्हैसूरच्या कारभारात मराठी हिशेब एकोणिसाव्या शतकापर्यंत चालत राहिले. भावसार आणि नामदेव शिंपी समाजाची घरे आजही बंगळुरात आहेत. त्यांच्या विठ्ठलमंदिरांत अभंग म्हटले जातात, आणि घरच्या मराठीत कानडी शब्द सहज मिसळून गेलेले असतात. कोणी तिला अशुद्ध म्हणेल. पण जी भाषा बाजारात कानडी ऐकते आणि चुलीपाशी मराठी बोलते, तिला दोन्हींचे देणे लागतेच.

तंजावरच्या मराठी मंडळींचाही हाच अनुभव. कुंभकोणम येथे १८२८ मध्ये जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांचे पुत्र आनंदराव १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूरचे दिवाण होते. बंगळुरातील आनंदराव सर्कल हा चौक त्यांच्याच नावाचा. एकोजींच्या वेळी जे मराठे बंगळुराहून तंजावरास गेले, त्यांच्याच समाजातील एक पुरुष सव्वादोनशे वर्षांनी बंगळुरास आला, तो राज्य जिंकण्यासाठी नव्हे, राज्य चालविण्यासाठी.

जिंकलेला मुलूख दुसरा कोणी जिंकून घेतो. शिकलेली भाषा, अंगी असलेले कसब आणि शेजाऱ्याशी जडलेला स्नेह यांवर मात्र कोणाची स्वारी होत नाही. कृष्णराजपुरमच्या स्थानकावर ट्रंक घेऊन आज उतरणाऱ्या तरुणापाशी जहागिरीची सनद नसते. पूर्वी येथे टिकून राहिलेल्या मराठी घरांनाही अखेर ती सनद उपयोगी पडली नव्हती.